हवा कुठे मोजायची, हे कोणी ठरवायचे?

शहराच्या हवेचा आकडा हवेइतकाच मोजणीच्या जागेवरही अवलंबून असतो. शहर तेच आणि दिवसही तोच असला, तरी उद्यानातले यंत्र एक आकडा सांगते आणि मालवाहू ट्रकांच्या नाक्यावरचे दुसरा.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सुमारे १३० शहरे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने मोठ्या शहरांच्या अनुदानाचा काही भाग हवेतील सुधारणेशी जोडला. ज्याची परीक्षा आहे त्यानेच प्रश्नपत्रिका काढू नये, हा साधा संकेत येथेही लागू व्हायला हवा.

आज अनेक केंद्रांवर हाताने नमुने घेतले जातात, तेही आठवड्यातून दोनच दिवस. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वस्त संवेदकांचे, म्हणजेच सेन्सरचे, जाळे विणण्याची कल्पना पुढे आली आहे. ती स्वागतार्ह आहे. पण स्वस्त यंत्राच्या मर्यादाही जाणून घ्यायला हव्यात. हे संवेदक कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांच्या वस्तुमानाचा अंदाज बांधतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडाही फुगतो. गंगेच्या खोऱ्यातील हिवाळी धुक्यात हा दोष दुर्लक्षून चालत नाही. म्हणून प्रत्येक संवेदक प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून, निरनिराळ्या ऋतूंत त्याचे अंशशोधन करणे अपरिहार्य ठरते. खरेदीच्या निविदेत या कामाची तरतूद नसेल, तर जाळे मोठे होईल, ज्ञान मात्र वाढणार नाही.

जागेची निवड गणिताने करता येते. जिथे अंदाज सर्वांत अनिश्चित, तिथे पुढचा संवेदक, ही रूढ रीत आहे. मात्र अनिश्चितता सर्वाधिक असलेली जागा आणि सर्वाधिक माणसे दूषित हवा घेतात ती जागा एकच असेल असे नाही. कचरा जाळला जातो त्या मैदानालगतची वस्ती, वीटभट्ट्यांजवळचे उपनगर, महामार्गालगतची शाळा यांना गणितात वजन द्यायचे की नाही, हा निर्णय संगणक घेत नाही, माणसे घेतात. तो उघडपणे घेतला जावा.

त्यासाठी तीन अटी पुरेशा आहेत. जागा स्वतंत्र तज्ज्ञांनी ठरवाव्यात आणि प्रत्येक जागेचे कारण प्रसिद्ध व्हावे. कच्च्या नोंदी अंशशोधनाच्या तपशिलासह सर्वांना खुल्या असाव्यात. आणि एखादे केंद्र हलवायचे झाल्यास जुन्या व नव्या जागी काही काळ एकत्र मोजणी व्हावी, म्हणजे हवा सुधारली की केवळ यंत्र हलले, हे कळेल.

भारताचे पीएम २.५चे वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस ५ची आहे. हे अंतर कापायला वर्षे लागतील. त्या वाटचालीत निदान मोजपट्टी तरी विश्वासाची असावी, एवढी अपेक्षा नागरिकांनी बाळगणे गैर नाही.