तरसाचा डोंगर मोकळा ठेवा

पुणे जिल्ह्यात वन्यप्राण्यांची चर्चा बिबट्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. जुन्नरच्या उसातला बिबट्या, माणिकडोहचे निवारा केंद्र, पिंजरे यांची चर्चा व्हायलाच हवी. पण चाकण-खेडच्या उघड्या टेकड्यांवरचा तरस कोणाच्या गणतीत नाही आणि त्याचे घर मात्र डोळ्यांदेखत मोडते आहे. त्याला दाट जंगल लागत नाही. खुरटी झुडपे, गवताळ उतार, ओढ्याची घळ आणि पिल्लांसाठी कातळातली कपार मिळाली की त्याचे भागते. मेलेली जनावरे हे त्याचे मुख्य अन्न. इतरांनी टाकून दिलेली हाडेही तो फोडून पचवतो. मेलेल्या जनावरांवरच जगणाऱ्या गिधाडांचा डायक्लोफिनॅक या औषधाने घास घेतला. जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. आता गावकुसाबाहेर टाकलेले मेलेले जनावर संपवायला मुख्यतः तरस आणि भटकी कुत्री उरली आहेत. कुत्री वाढली की रेबीजचा धोकाही वाढतो, म्हणून तरस टिकणे आपल्याही हिताचे आहे.

यावर पहिले उत्तर येते ते रोजगाराचे. चाकणच्या वाहन उद्योगाने हजारो घरांत चूल पेटवली आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप उद्योगावर नसून जमीन मोजण्याच्या पद्धतीवर आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेला खडकाळ उतार कोणाच्याच उपयोगाचा नाही, असे धरून मुरूम काढला जातो, घळी बुजवल्या जातात. तुकोबांच्या चिंतनाचे स्थान म्हणून याच भागातला भामचंद्र डोंगर वाचवायला वारकरी उभे राहिले, हे मोठेच काम झाले. मात्र माथा राखून पायथ्याला चहूबाजूंनी कुंपणभिंती आल्या, तर प्राण्यांसाठी तो डोंगर बेट होतो. वृक्षारोपणही इथे जपून करायला हवे. गवताळ माळावर दाट झाडी लावली की माळाचा म्हणून जो जीव आहे तो निघून जातो. मग तरसच काय, लांडगा आणि खोकडही तिथे राहत नाहीत.

तरस कचऱ्यावर आणि कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर जगतो, मग त्याला डोंगर कशाला, असेही विचारले जाते. उकिरड्यावर पोट भरेल, पण कपारीशिवाय पिल्ले वाढणार नाहीत. शिवाय त्या उकिरड्यापर्यंत जाताना रात्री पुणे-नाशिक रस्ता ओलांडावा लागतो. तरस शेळ्यामेंढ्या मारतो, ही मेंढपाळांची तक्रार मात्र खरी आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. तरसाने मारलेल्या जनावराची भरपाई राज्याच्या नियमांत बसते. पंचनामा लवकर झाला आणि पैसे वेळेत मिळाले, तर विष घालण्याची वेळ येणार नाही. माणसाच्या अंगावर तो सहसा येत नाही. कपारीत कोंडून दगड मारले, तर कोणताही प्राणी उलटतो.

म्हणून औद्योगिक क्षेत्राचा पुढचा टप्पा आखताना भूखंडांच्या आधी ओढे आखावेत. दोन टेकड्यांमधला ओढा दोन्ही काठांसह मोकळा सोडावा, रस्ता रुंद करताना त्या ओढ्यावरची मोरी जनावर जाईल एवढी उंच आणि कोरडी काठवाट असलेली बांधावी आणि बंद पडलेल्या दगडखाणी भरण्याआधी वनविभागाने त्यांतल्या कपारी तपासाव्यात.