मुक्काम क्योटोत, पण कुठे?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो की निवृत्तीनंतरची पहिली परदेशवारी, आयुष्यात एकदा तरी पंचतारांकित हॉटेलात थाटात राहावे, असे कुणाला वाटत नाही? जपानमधल्या क्योटो शहरात ही हौस उत्तम भागते. मात्र इथल्या नामांकित हॉटेलांत एका रात्रीचे भाडे लाख येनच्या पुढे सहज जाते. तेवढ्यात घरी नवा फ्रिज येईल! इतके पैसे मोजूनही शाकाहारी आजी नुसत्या भातावर झोपली किंवा आजोबांना जमिनीवरच्या गादीवरून उठता आले नाही, तर त्या थाटाचा उपयोग काय? म्हणून हॉटेलचे नाव पाहण्याआधी आपल्या घरातली माणसे डोळ्यांपुढे आणावीत.

हॉटेल की रियोकान?

क्योटोत ऐषारामाचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे पाश्चात्त्य धर्तीचे हॉटेल. पलंग, खुर्च्या, लिफ्ट, हवे तेव्हा जेवण. दुसरा रियोकान, म्हणजे जपानी पद्धतीचे अतिथिगृह. तिथे गवती चटयांची खोली, बुटके टेबल आणि रात्री जमिनीवर अंथरलेली गादी असते. शहराच्या मध्यभागी फुयाचो रस्त्यावर तावाराया आणि हिइरागिया ही दोन प्रसिद्ध रियोकान समोरासमोर आहेत. हिइरागियाची स्थापना १८१८ सालची. नोबेल पारितोषिक विजेते लेखक यासुनारी कावाबाता तिथे उतरत असत.

रियोकानमध्ये जेवण खोलीत किंवा खास दालनात वाढतात, पण त्याची वेळ ठरलेली असते. मंदिरे पाहता पाहता रात्रीचे आठ वाजवणाऱ्यांनी तिथे पैसे घालवू नयेत. दुपारी तीन-चारलाच पोहोचून अंघोळ, बाग आणि जेवण यांचा निवांत आनंद घेणाऱ्यांसाठीच ते आहे. गुडघ्यांचा त्रास असेल, तर पलंगाची खोली आणि बसायला खुर्ची मिळेल का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.

जागा पाहून ठरवा

लहान मुले आणि जड सामान बरोबर असेल, तर स्टेशनजवळचे हॉटेल सोयीचे. हॉटेल ग्रानव्हिया तर क्योटो स्टेशनच्या इमारतीतच आहे. कान्साई विमानतळावरून हारुका रेल्वेने सुमारे सव्वा तासात तिथे पोहोचता येते. निजो किल्ल्यासमोर २०२० साली सुरू झालेले हॉटेल द मित्सुई शहराच्या मध्यभागी असूनही तिथे गरम पाण्याच्या झऱ्याचे स्नान मिळते. पूर्वेच्या डोंगराकडे फोर सीझन्समध्ये आठशे वर्षांचा इतिहास सांगणाऱ्या तळ्याची बाग आहे. उत्तरेला किनकाकुजी या सुवर्णमंदिराच्या बाजूला, झाडीत वसलेले अमान क्योटो शांत खरे, पण स्टेशनपासून लांब. दिवसभर बाहेर भटकायचे असेल, तर बागेचे पैसे वाया जातात. हॉटेलातच विसावायचे असेल, तर तीच बाग वसूल होते.

भाड्याचा पूर्ण हिशेब

हॉटेलचे भाडे सहसा खोलीमागे असते, तर रियोकानचे बहुधा माणशी आणि दोन वेळच्या जेवणासह. दोन्ही आकडे नुसते शेजारी ठेवून तुलना केली, तर फसगत होते. जाहीर दरात १० टक्के उपभोग कर आणि सेवा शुल्क धरले आहे का, हे विचारावे. शिवाय क्योटो शहराचा मुक्काम कर वेगळा आहे. मार्च २०२६ पासून माणशी एका रात्रीचे भाडे ५०,००० ते १,००,००० येनच्या आत असेल तर ४,००० येन आणि त्याहून अधिक असेल तर १०,००० येन असा त्याचा दर आहे. म्हणजे दोघांच्या खोलीचे भाडे १,२०,००० येन असेल, तर माणशी ६०,००० धरून दोघांचा मिळून रात्रीचा कर ८,००० येन झाला. चार रात्रींचे ३२,०००!

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर आणि नोव्हेंबरात लाल पानांचा मोसम असतो. तेव्हा दर सर्वांत चढे असतात. थंडी सोसत असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत तीच खोली बरीच स्वस्त मिळू शकते. बख्शिसाचा खर्च मात्र नाही. जपानी हॉटेलांत टिप देण्याची प्रथा नाही.

खाण्याचे आधी सांगा

आपल्याकडच्या प्रवाशांची खरी अडचण इथेच होते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. हे पाणी बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशापासून काढतात. ते सूपमध्ये, भाजीत, चटणीवजा रसातही असते. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच सांगितले, तर ताटात मासा येणार नाही, पण त्याचे पाणी येऊ शकते. म्हणून मांस, मासे, अंडी आणि माशांची दाशी यांपैकी काय काय चालत नाही, ते एकेक करून लिहून कळवावे. आयत्या वेळी सांगितल्यास आचाऱ्याला बदल करणे अवघड जाते.

बौद्ध मठांतले ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण मात्र आपल्याला जवळचे वाटेल. त्यात मांस-मासे नाहीत आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही. अराशियामातील तेनर्‍यूजी मंदिराच्या शिगेत्सु उपाहारगृहात ते मिळते. कंदमुळे न खाणाऱ्यांनी मात्र तिथेही आधी विचारून घ्यावे.

तिथले रीतिरिवाज

रियोकानमध्ये बूट दारातच काढायचे. चटईवर स्लिपरही चालत नाही. शौचालयाच्या चपला वेगळ्या असतात. युकाता हा सुती झगा घालताना डावा पदर उजव्यावर आणावा. उलट नेसवतात ते मृताला. सामाईक स्नानगृहात साबण लावून, स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचे, तेही वस्त्राविना. संकोच वाटत असेल, तर खोलीतच लाकडी टब असलेली खोली निवडावी.

पैसे बेताचे असतील, तर चार रात्रींपैकी तीन स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात काढाव्यात आणि शेवटची एक रियोकानमध्ये. मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवता येतात, फक्त त्या आदल्या दिवशी द्याव्या लागतात. आणि आरक्षण करतानाच हॉटेलला एक पत्र जरूर पाठवावे: माणसे किती, त्यांची वये काय, कोण काय खात नाही, कुणाला जमिनीवर बसवत नाही, आपण किती वाजता पोहोचणार. त्याचे लेखी उत्तर आले की मगच पैसे भरावेत.