न्यायाचे माप कोणाच्या मापाचे?

‘कायदा सर्वांना सारखा’ हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो. परंतु माप सारखे असले म्हणजे न्यायही सारखा मिळतो, असे मुळीच नाही.

फौजदारी न्यायालय पुष्कळदा आरोपीशेजारी एक काल्पनिक ‘समंजस माणूस’ उभा करते आणि विचारते, या प्रसंगी तो कसा वागला असता? हा समंजस माणूस डोळस असतो, त्याला ऐकू येते, हे न बोलताच गृहीत धरलेले असते. समजा, नांदेड स्थानकाबाहेर एका अंध स्त्रीला कोणी घट्ट धरले. त्याच्या हाती सुरा आहे की काही नाही, हे तिला कसे कळावे? स्वसंरक्षणासाठी तिने केलेला वार डोळसाच्या भीतीने मोजायचा काय? लातूरच्या बाजारात ‘थांब’ ही हाक ऐकू न आलेल्या बहिऱ्या हमालाचे चालत राहणे हा उद्दामपणा ठरवायचा काय?

अशाने मापच उरणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. नानावटी खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्याच समाजस्तरातला, त्याच परिस्थितीत सापडलेला समंजस माणूस ही कसोटी मानली. तरीही खुनाची शिक्षा कायम केली. माप माणसाजवळ नेले, म्हणून ते सैल झाले नाही. समाजस्तर विचारात घेता येतो, तर दृष्टी व श्रवण का नाही?

मनोविकलतेचे कलम आहेच, असे कोणी म्हणेल. पूर्वीचे कलम ८४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२. पण ते ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा गैरपणा उमगूच शकत नाही, त्याच्यासाठी. ज्याला थोडे कळते, थोडे कळत नाही, त्याने कोठे जावे?

ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती नसेल, तर गंभीर पाप घडत नाही, हे पापनिवेदनाला जाणारे प्रत्येक कुटुंब जाणते. जन्मांधाकडे पाहून ‘पाप कोणाचे?’ असे विचारणाऱ्या शिष्यांचा समज प्रभूने खोडून काढला होता.

मात्र ही दयेची याचना नव्हे. अपंग म्हणजे अजाण, हे मानणे हाही अपमानच. अपंग माणूस ठरवून सूड घेईल, फसवणूक करील, तर त्याने पूर्ण शिक्षा भोगावी. परंतु जेथे दिसणे, ऐकणे, समजणे यांवरच दोष ठरतो, तेथे त्याच्या जागी उभे राहूनच निवाडा व्हावा, आणि संहितेत तसे स्पष्ट लिहिले जावे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असली, तरी समोर उभा असलेला माणूस कोण, हे तिने विचारलेच पाहिजे.