ड्युअल-फ्युएल इंजिनावरील पेटंट : आव्हान कधी टिकते, पुरावा कोणता लागतो?

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिझेलवरून सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर सादर केला. डिझेल इंजिन गॅसवर चालवण्याच्या किटवर ‘पेटंटेड’ असा शिक्का दिसला, की किंमत चढते आणि तालुक्याचा फॅब्रिकेटर तसले काम हाती घ्यायला कचरतो. पण शिक्का असला म्हणजे पेटंट वैध आहेच, असे कायदा मानत नाही. पेटंट कार्यालयाने तपासणी करून पेटंट दिले, तरी त्यातून वैधतेची हमी मिळत नाही, हे पेटंट कायदा १९७० च्या कलम १३ मध्येच लिहिले आहे.

तंत्र जुने किती, नवे किती?

ड्युअल-फ्युएल म्हणजे एकाच वेळी दोन इंधनांवर चालणारे इंजिन. गोबरगॅसमधील मिथेन डिझेल इंजिनाच्या दाबाने आपोआप पेटत नाही. म्हणून गॅस हवेबरोबर आत घेतात आणि थोडे डिझेल फवारून ठिणगीचे काम त्याच्याकडून करून घेतात. एअर फिल्टरच्या पुढे पाइपला गॅसची जोडणी आणि एक कॉक, एवढ्यावर हे इंजिन चालते. गॅस चांगला असेल तर डिझेलची सुमारे ८० टक्क्यांपर्यंत बचत होते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसचा प्रसार केला, त्या काळापासून हे तंत्र आपल्याकडे माहीत आहे.

त्यामुळे ‘डिझेल इंजिनात हवेबरोबर गॅस सोडणे’ एवढ्यावरच कोणी आज हक्क सांगत असेल, तर तो टिकणे कठीण. मात्र लोडप्रमाणे गॅस आणि डिझेलचे प्रमाण आपोआप बदलणारी एखादी वेगळी रचना खरोखर नवी असू शकते. ‘हे तर आम्ही पूर्वीपासून करतो’ असे म्हणण्याआधी पेटंटमधील दावे वाचा. पेटंटचा हक्क शीर्षकावर किंवा चित्रावर नसतो. शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांपुरताच तो असतो. आव्हानही दाव्यागणिक द्यावे लागते.

आव्हानाचे तीन मार्ग

१. पेटंट मिळण्यापूर्वी : अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही लेखी विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी त्या धंद्यातील असण्याची अट नाही. २०२४ च्या नियमबदलानंतर यासाठी शुल्क भरावे लागते.

२. पेटंट मिळाल्यावर एक वर्षात : पेटंट दिल्याचे जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात, हितसंबंध असलेली व्यक्ती पेटंट कार्यालयातच विरोध करू शकते. किट बनवणारा वर्कशॉपवाला किंवा त्याच विषयात संशोधन करणारी संस्था यात बसते.

३. त्यानंतर : उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याचा अर्ज, किंवा आपल्यावर दावा झाला असेल तर त्यातच प्रतिदावा. पूर्वी असे अर्ज बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. ते मंडळ २०२१ मध्ये बंद झाले.

मुख्य मुद्दे तीनच : तंत्र आधीच माहीत किंवा वापरात होते, त्या विषयातील जाणकाराला ते सहज सुचण्यासारखे आहे, किंवा ते कलम ३ नुसार पेटंटयोग्यच नाही. माहीत असलेली साधने, प्रत्येक आपापले काम करत असताना, नुसती शेजारी जोडली तर कलम ३ तिला शोध मानत नाही.

दोन निकाल काय शिकवतात?

पहिले प्रकरण उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या भांड्यांचे. भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या रचनेवर हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने १९५१ मध्ये पेटंट घेतले होते आणि त्याच धंद्यातील दुसऱ्या फर्मवर दावा लावला. १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पेटंटविरुद्ध निकाल दिला. जुन्याच यंत्रात केलेली ती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, त्यात शोधाची पायरी नाही, असे न्यायालयाने म्हटले. जुन्या गॅस जोडणीत किरकोळ फेरफार करून घेतलेल्या पेटंटला हीच कसोटी लागते.

दुसरे प्रकरण इंजिनाचे. पुण्याच्या बजाज ऑटोकडे लहान चारस्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याचे पेटंट (क्रमांक १९५९०४) होते. टीव्हीएसने २००७ मध्ये ते रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि होंडाच्या जुन्या पेटंटकडे बोट दाखवले. बजाजने मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसवर मनाई आली, मे २००९ मध्ये ती उठली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्री चालू ठेवू दिली आणि असे खटले लवकर निकाली काढण्यास बजावले. तरीही वाद मिटला तो २०१९ मध्ये, तडजोडीने. मोठ्या कंपन्यांना बारा वर्षे झेपतात, गावच्या वर्कशॉपला झेपत नाहीत. म्हणून पहिले दोन मार्ग वेळेत वापरणेच परवडते.

पुरावा : विस्तार कार्यकर्त्यांसाठी

अर्जाच्या पहिल्या तारखेपूर्वी भारतात उघडपणे वापर झाला असेल, तर तोही पुरावा ठरतो. पण तोंडी सांगणे पुरत नाही, तारीख लागते. यासाठी जपून ठेवा :

- गोबरगॅसवरील इंजिनाची जुनी बिले, गॅरंटी कार्ड, माहितीपुस्तिका
- कृषी विद्यापीठांचे चाचणी अहवाल, प्रबंध, प्रात्यक्षिकांच्या नोंदी
- कृषी प्रदर्शनांची पत्रके, वर्तमानपत्रांतील तारखेसह बातम्या
- इंजिन चालवणाऱ्या शेतकऱ्याचे किंवा गोशाळेचे प्रतिज्ञापत्र, सोबत त्या काळचे फोटो

नव्या सुधारणेचे फोटो, रेखाटन आणि तारीख असलेले टिपण जाहीरपणे प्रसिद्ध केले, तर पुढे दुसऱ्या कोणाला त्याच गोष्टीवर पेटंट मिळणे अवघड होते. मात्र स्वतः पेटंट घ्यायचे असेल तर आधी अर्ज करा, मग दाखवा.

नोटीस आली तर

- पेटंट क्रमांक मागा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो मोफत तपासता येतो.
- ते भारतातील पेटंट आहे का पाहा. परदेशातील पेटंट येथे लागू होत नाही.
- नुसता अर्ज आहे की पेटंट मिळाले आहे, हे पाहा. पेटंट मिळेपर्यंत उल्लंघनाचा दावा लावता येत नाही.
- अर्जापासून २० वर्षे झाली, किंवा वार्षिक शुल्क थकून पेटंट बंद पडले आहे का, ते पाहा.
- आपली जोडणी आणि पेटंटचे दावे शेजारी ठेवून एकेक भाग जुळवा.
- आधार नसताना धमकी दिली जात असेल, तर कलम १०६ खाली तुम्हालाही न्यायालयात जाता येते. पेटंट नसताना ‘पेटंटेड’ लिहिणे कलम १२० नुसार दंडास पात्र आहे.

शेतकऱ्याने अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह किट घेतले असेल, तर ते वापरण्यास अडचण नाही. जोखीम आहे ती नक्कल केलेले किट बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. पेटंट वैध असेल तर असे किट वापरणाऱ्यालाही. म्हणून खरेदीपूर्वी क्रमांक विचारा, बिल घ्या. नोटिशीचे उत्तर पेटंट एजंट किंवा वकिलाच्या सल्ल्यानेच द्या.