निद्रा आणि कवित्व

गेल्या महिन्यात दादर येथे एका व्याख्यानास जाण्याचा योग आला. वक्ते विद्वान होते आणि विषय होता ‘अबोध मन आणि काव्य’. खरी कविता निद्रेत किंवा निद्रेसारख्या अवस्थेतच जन्मास येते, जागेपणी कवी करतो ती केवळ कारागिरी, असा त्यांचा सिद्धान्त. प्रमाण म्हणून त्यांनी तुकोबांस उभे केले. नामदेव स्वप्नात आले, आणि देहूचा एक वाणी सकाळी महाकवी होऊन उठला! टाळ्या पडल्या. मी मात्र अस्वस्थ होऊन गिरगावास घरी परतलो. हा सिद्धान्त दिसतो तितका निरुपद्रवी नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

तुकोबांचे स्वप्न कोण नाकारील? ते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. परंतु त्या स्वप्नात त्यांस मिळाले काय? तयार अभंग नव्हे. नामदेव पांडुरंगासह आले आणि त्यांनी काम नेमून दिले: शतकोटी अभंगांचा आपला संकल्प अपुरा राहिला आहे, उरलेले तू पुरे कर. स्वप्नाने कविता दिली नाही; कामगिरी दिली.

त्या कामगिरीस लागणारी तयारीही तुकोबांनी आत्मपर अभंगात क्रमाने सांगितली आहे. दुष्काळात धंदा बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली, मोडके देऊळ त्यांनी दुरुस्त केले. एकादशीस कीर्तन करू लागले तेव्हा प्रथम अभ्यासात चित्त नव्हते. मग संतांची वचने आदराने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. त्यानंतर गुरूचा स्वप्नातील उपदेश, आणि त्याच्याही नंतर कवित्वाची स्फूर्ती! वक्त्यांनी स्वप्न तेवढे उचलले आणि पाठांतर गाळले.

हे गाळणे साधे नव्हे. शूद्रास हा अधिकार नाही, असे त्या काळच्या धर्ममार्तंडांनी ठरविले आणि तुकोबांस वह्या बुडवाव्या लागल्या. त्यांनी अधिकार नाकारला; आम्ही सुशिक्षित रसिक अभ्यास नाकारतो, आणि त्यास गौरव म्हणतो! गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांविषयीही ‘उपजत प्रतिभा’ हे शब्द किती सहज उच्चारले जातात. परंतु सुर्व्यांनी १९६६ सालच्या आपल्या संग्रहास ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. विद्यापीठ म्हटले की अध्ययन आलेच. पदवीधराने लिहिले तर व्यासंग, आणि गिरणीतल्या पोराने लिहिले तर चमत्कार, हा कोठला न्याय?

प्रतिपक्षाचे दुसरे प्रमाण म्हणजे कोलरिजची ‘कुब्ला खान’. ती आपणास १७९७ साली निद्रेत सुचली, असे त्याने १८१६ च्या प्रस्तावनेत सांगितले. १९३४ साली त्या कवितेचे त्याच्याच हातचे एक हस्तलिखित उजेडात आले. त्यात पाठभेद आहेत. शिवाय तेथील टिपणात गाढ निद्रेऐवजी अफूने आणलेल्या तंद्रीचा उल्लेख आहे. बरे, डोळा लागला तेव्हा कोलरिज वाचीत काय होता? कुब्ला खानाच्याच प्रासादाचे वर्णन!

निद्रेत काहीच घडत नाही, असे माझे म्हणणे नाही. दिवसा शिकलेले रात्री मनात पक्के होते, हे शास्त्रज्ञांनीही दाखविले आहे. रात्री अडलेला शब्द सकाळी अवचित सापडतो, हा अनुभव कोणास नाही? वेल्समधील ली हॅडविन झोपेत चित्रे काढतो, आणि जागेपणी आपणास ती साधत नाहीत असे म्हणतो. ते खरे मानले, तरी चित्र चांगले की वाईट हे ठरविण्यास जागा डोळाच लागतो. झोप दाणा दळीत असेल. परंतु जात्यात दाणा टाकावयाचा कोणी, आणि पीठ चाळावयाचे कोणी?

त्या व्याख्यानानंतर आठच दिवसांनी माझा एक विद्यार्थी कवितांची वही घेऊन आला. मुलगा हुशार, पण गाथा त्याने कधी उघडली नव्हती. म्हणाला, “सर, सगळ्या झोपेत सुचल्या. म्हणून एक अक्षरही बदलले नाही.” वहीत दोन-तीन ओळी खरोखर चांगल्या होत्या. म्हणूनच मला अधिक वाईट वाटले.

मी कपाटातून गाथा काढून त्याच्या पुढे ठेवली आणि म्हटले, “अरे, आता जागा आहेस ना? मग बैस. इथून आरंभ करू.”