जड पाणी, हलका खिसा

गंडीपेटचे पाणी एकदा प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असे आपल्या शहरात पूर्वापार म्हटले जाते. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर उस्मानसागराची योजना झाली, १९२० साली तो बांधून पुरा झाला, आणि काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील मराठी घरांच्या पिढ्या त्या गोड्या पाण्यावर वाढल्या. पुढे मांजरा, कृष्णा आणि गोदावरी यांचेही पाणी शहराला मिळू लागले. या तिन्ही नद्या महाराष्ट्रात उगम पावतात. तेव्हा नळाला माहेरचेच पाणी येते, असे म्हणायला आपल्या गृहिणींना हरकत नव्हती.

परंतु आता मुलांचे संसार शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत थाटले गेले आहेत. तेथे नळाचे पाणी अपुरे, आणि भिस्त असते ती बोअरवर व टँकरवर. खडकांच्या भेगांतून झिरपलेले हे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, आपण जड पाणी म्हणतो. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे थर चढतात, आणि गिझरची कांब त्या थराखाली गुदमरून जळते. मग कोणीतरी सुचवतो, ‘एक सॉफ्टनर बसवून टाका.’ किती खर्च येईल, असे विचारले की यंत्राची किंमत सांगितली जाते. आमचे म्हणणे एवढेच की, किंमत म्हणजे खर्च नव्हे. गाय विकत घेताना वैरणीचा हिशेब आपण आधी करतो, तसाच तो येथेही करावा.

प्रथम पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार, एक लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. आकडा दोनशेच्या आत असेल तर यंत्राचा विचार सोडून द्यावा. विक्रेता पुष्कळदा पेनासारखे एक उपकरण पाण्यात बुडवून ‘टीडीएस’चा मोठा आकडा दाखवतो. तो आकडा पाण्यातील सर्व विरघळलेल्या क्षारांचा असतो, एकट्या जडपणाचा नव्हे. सॉफ्टनर बसवल्यावर तो जवळजवळ तसाच राहतो, हे तो विक्रेता सांगत नाही.

तसे का होते, ते यंत्राच्या कामावरून कळेल. त्याच्या नळकांड्यात राळेचे बारीक मणी असतात व त्या मण्यांवर सोडियम बसलेले असते. पाणी मण्यांतून जाताना कॅल्शियम व मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरते. ही निव्वळ अदलाबदल आहे, गाळणे नव्हे. फ्लोराइडसारखे दोषही त्याने जात नाहीत. मणी भरले की मिठाच्या दाट पाण्याने धुऊन त्यांवर पुन्हा सोडियम चढवावे लागते. यंत्राची वैरण ती हीच.

आता हिशेब मांडू. चौघांचे कुटुंब, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ५४० लिटर पाणी. जडपणा ५०० धरला तर रोज २७० ग्रॅम, म्हणजे महिन्याला आठ किलो क्षार काढावे लागतील. व्यवहारात त्यासाठी क्षाराच्या दुप्पट-तिप्पट मीठ लागते, म्हणजे महिन्याला १६ ते २४ किलो. मिठाचा भाव किलोला २० रुपये धरला तर वर्षाचा खर्च चार ते सहा हजारांच्या घरात जातो. वाचकांनी आपापल्या दुकानचा भाव घालून पाहावा. पंचवीस लिटर राळेचे यंत्र या पाण्यावर साधारण चार दिवसांनी धुवावे लागते. एका वेळी दीडशे लिटर पाणी धरले तरी महिन्याला हजार लिटरवर पाणी गटारात जाते. ज्या घरी टँकर येतो त्या घराला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

याखेरीज प्लंबरची मजुरी, वेगळी नळजोडणी, आणि काही वर्षांनी राळ बदलण्याचा खर्च आहेच. पाण्यात लोह असेल तर राळ लवकर बिघडते. आणि हाताने फिरवायच्या झडपेचे स्वस्त यंत्र घेतले तर दर चार दिवसांनी ते धुण्याचे काम कोणाच्या अंगावर पडणार, हेही घरात आधीच ठरलेले बरे. बहुधा ते त्याच गृहिणीच्या वाट्याला येते, जिचे श्रम वाचवण्यासाठी यंत्र आणले असे सांगितले जाते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा हिशेब रुपयांचा नाही. शंभर मिलिग्रॅम जडपणा काढला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. आपल्या उदाहरणात ते २३० मिलिग्रॅम होते. असे अडीच लिटर पाणी रोज प्यालो तर पावणेसहाशे मिलिग्रॅम सोडियम पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला दोन ग्रॅमच्या आत राहण्याचा सल्ला दिला आहे. म्हणजे त्याचा चौथा हिस्सा पाण्यातूनच संपला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या आजोबांच्या पानातले लोणचे आपण काढून घ्यायचे आणि तांब्यात मीठ घालायचे, असा हा प्रकार होईल. म्हणून पिण्याचा व स्वयंपाकाचा नळ यंत्राच्या आधीच फोडून घ्यावा. आरओ यंत्र सोडियम बरेचसे काढते, केवळ अतिनील किरणांचे शुद्धीकरण यंत्र ते काढत नाही.

मग यंत्र घ्यावे की नाही? जडपणा फार असेल आणि गिझर व धुलाईयंत्र वारंवार दुरुस्तीला जात असतील तर अवश्य घ्यावे. मात्र सगळ्या घराला जोडू नये. माणशी १३५ लिटरांपैकी सुमारे ४५ लिटर शौचालयात जातात. तेथे मृदू पाणी सोडणे म्हणजे पैसे देऊन मीठ ओतणे. स्नानगृह आणि कपडे एवढ्यापुरते दिवसाला २५० लिटर पाणी मृदू केले, तर यंत्र लहान पुरते आणि मिठाचा खर्च निम्म्याहून कमी होतो. कुंड्यांना, बागेला मात्र मूळचेच पाणी घालावे. सोडियम मातीला मानवत नाही.

वसाहतीने एकत्र मोठे यंत्र बसवायचे ठरवले तर सभेत दोन प्रश्न जरूर विचारावेत: पिण्याच्या पाण्याची वाट वेगळी ठेवली आहे काय, आणि मण्यांचे खारट धुवण कोठे सोडणार? ते अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडले तर जमिनीत मुरून आपल्याच बोअरला खारट करील. पावसाचे पाणी जमिनीत जिरवण्याची सोय आधी नीट करावी. त्याने जडपणा लगेच जाणार नाही, पण बोअरला चार घोट गोडे पाणी मिळेल, आणि त्यासाठी मिठाची गोणी आणावी लागणार नाही.