नेढे, सुळके आणि मोटार

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना गेली काही वर्षे आम्ही वर्गात एडवर्ड ॲबीच्या 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) या पुस्तकाचा उल्लेख आवर्जून करत आलो आहोत. १९५६ व १९५७ साली ॲबीने अमेरिकेतील युटा राज्यात, आर्चेस येथे, हंगामी रेंजर म्हणून काम केले. त्या वास्तव्यातून हे पुस्तक आले. राष्ट्रीय उद्यानांत मोटारींना मज्जाव करावा, माणसांनी पायी हिंडावे, ही त्याची मागणी. नव्या रस्त्याच्या आखणीसाठी रोवलेल्या खुंट्या आपण उपटून टाकल्या, असेही तो लिहितो. विद्यार्थ्यांना हा प्रसंग फार आवडतो. आम्हालाही आवडत असे. मोटारीतून दिसते ते 'दृश्य' आणि पायी कळतो तो 'प्रदेश', अशी सोयीस्कर विभागणी करून मराठी प्रवासवर्णनांतील विशेषणांच्या सुकाळाचे खापर आम्ही बिनदिक्कत मोटारीवर फोडत असू.

२०२४च्या ऑक्टोबरात त्या भागात जाण्याचा योग आला आणि ही विभागणी पुन्हा तपासून पाहणे भाग पडले. आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ सॉल्ट लेक सिटीत नोकरीला आहे. त्याच्याकडे आलेल्या आईही आमच्याबरोबर निघाल्या. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. माहेर अकोले तालुक्यातले, रतनगडाच्या पायथ्याचे.

आर्चेसमध्ये शिरण्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागली. गर्दीमुळे ही पद्धत तेथे २०२२ मध्ये सुरू झाली होती. खुंट्या उपटूनही रस्ता व्हायचा तो झालाच, आणि आम्ही त्याच डांबरी रस्त्याने वर चढलो. 'विंडोज' नावाच्या कमानींपाशी मोटार थांबली. तांबड्या वालुकाश्माच्या भिंतीला आरपार पडलेली ती प्रचंड भोके पाहून आम्ही योग्य शब्द शोधत होतो. आई काच खाली करून म्हणाल्या, "हे तर नेढं. आमच्या रतनगडाला आहे तसंच." सुईच्या छिद्राला आणि डोंगराच्या आरपार भोकाला मराठीत हा एकच शब्द आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही, पण तेथे तो आठवला नाही. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, हा वाळूचा. दोन्हीकडची घडण निराळी. तरी नाव चपखल बसले.

तेथून आम्ही कॅन्यनलँड्स उद्यानात गेलो. लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने १९६४ साली स्थापन झालेल्या या उद्यानात ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्यांनी वाळवंटी पठार कोरून काढले आहे. मुक्काम विलो फ्लॅटला. राहुट्यांसाठी जागा अवघ्या १२, आणि पाण्याचा नळ नाही. माणशी दिवसाला ४ लिटर या हिशेबाने पाणी बरोबर न्यावे लागते. आम्ही तंबूत झोपलो. आई मोटारीतच, सीट मागे पाडून.

दुसऱ्या दिवशी ग्रँड व्ह्यू पॉइंटला आम्ही कड्याच्या काठाकाठाने जाऊन-येऊन सुमारे ३ किलोमीटर चाललो. आई कठड्याजवळ घडीच्या खुर्चीत बसून राहिल्या. आम्ही परतलो तेव्हा वहीत 'अफाट', 'विराट', 'शब्दातीत' एवढीच टिपणे होती. शब्दातीत लिहिले की शब्द शोधण्याची जबाबदारी संपते, हे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगत असतो. आईंनी मात्र विचारले, "खाली पांढऱ्या काठाच्या पठारावरून गाडीवाट गेलीय. मघापासून एक गाडी मुंगीसारखी चाललीय. ही वाट कुणी केली? आणि तिथं पाणी कुठं भरतात?" सुळक्यांच्या सावल्या किती सरकल्या, तेही त्यांनी बोटाने दाखवले. पायी चालून आलेल्या आम्हा दोघांपैकी एकालाही ती वाट दिसली नव्हती.

ती व्हाइट रिम रोड. लांबी सुमारे १६० किलोमीटर. १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी ती काढली गेली. तेथे पिण्याचे पाणी मिळत नाही. सगळे बरोबर न्यावे लागते. म्हणजे आज रानटी सौंदर्याच्या ओढीने लोक ज्या वाटेवर जातात, ती अणुबाँबच्या काळातली खाणवाट आहे. आईंच्या प्रश्नाने हा इतिहास पुढे आला, आमच्या पायपिटीने नव्हे.

शिवाय पाऊलही वाटते तितके निरुपद्रवी नाही. तेथील मातीवर सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांची काळसर, खरखरीत साय धरलेली असते. तिच्यामुळे माती वाऱ्याने उडत नाही. एका पावलाने मोडलेली ही साय भरून यायला कित्येक वर्षे, कधी दशके लागतात. म्हणून आखलेली पायवाट, उघडा कातळ किंवा कोरड्या ओढ्याची वाळू, यांवरूनच चालावे असा दंडक आहे.

ॲबीचे म्हणणे खोटे ठरते, असा याचा अर्थ नाही. चालता किंवा सायकल चालवता न येणाऱ्यांसाठी बस असावी, असे त्यानेच सुचवले होते. युटातल्याच झायन उद्यानात २००० सालापासून मोसमात मुख्य दरीत खासगी मोटारींऐवजी बस धावते. तेवढा त्याचा विचार काळाने मान्य केला. परंतु वृद्ध आणि अपंग यांच्याबद्दल फारशी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही, असेही तो उपरोधाच्या सुरात म्हणून पुढे जातो. वर्गात हे पान आम्ही आजवर घाईने उलटत आलो. तरुण, धडधाकट आणि एकट्या पुरुषाच्या पायांनी घेतलेला अनुभव हाच अस्सल, हे त्या पानामागचे गृहीतक आम्ही कधी तपासलेच नाही.

आमचे आजचे मत असे : प्रवासवर्णन उथळ होते ते वाहनामुळे नव्हे, न थांबण्यामुळे. आम्ही पायीच होतो, पण पुढचे ठिकाण गाठण्याच्या घाईत. आई बसून होत्या, आणि आयुष्यभर जळण व पाणी आणताना नजरेला जे वळण लागते ते घेऊन पाहत होत्या. नेढे, सुळका, घळ, नाळ, कातळ हे शब्द अशाच कामकरी माणसांनी घडवले. परक्या वाळवंटातही ते चालतात. चालत नाहीत ती आमची विशेषणे.

यंदा वर्गात पुस्तक तेच राहील, खुंट्यांचा प्रसंगही राहील. मात्र वृद्धांविषयीचे ते पान आम्ही मोठ्याने वाचून दाखवू, आणि मग आईंनी विचारलेला पाण्याचा प्रश्न फळ्यावर लिहू.